स्निच, रॅट, ग्रास, मोल: इंग्रजीतला प्रत्येक 'खबऱ्या' वेगळा असतो, तो ओळखायचा कसा

गेल्या पावसाळ्यात माझ्या इंग्रजीच्या क्लासला एक पोरगी यायची, बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातली, नर्सिंग झालेली, इंग्लंडला जायची तयारी चाललेली. घरी बसून ब्रिटिश सिरीयल बघत जा, कानाला सवय होईल, असं मीच सांगितलेलं. दुसऱ्या दिवशी तिनं वहीत एक वाक्य लिहून आणलं, "ही ग्रास्ड मी अप", आणि त्याच्याखाली पेन्सिलनं स्वतः केलेलं मराठी, "त्यानं मला गवत चारलं". तिची यात काही चूक नाही. ग्रास म्हणजे गवत हे आपण लहानपणापासून पाठ केलंय, आणि वाक्याचा खरा अर्थ, म्हणजे त्यानं माझं नाव पोलिसांना सांगितलं, तो गवताकडं कितीही बघत बसलं तरी सापडणारा नाही. मी अर्थ सांगितला, तिनं लगेच खोडून लिहिलं, "ग्रास म्हणजे खबऱ्या". मग मी वहीचं मागचं पान उलटलं तर तिथं आधीच लिहिलेलं, स्निच म्हणजे खबऱ्या, रॅट म्हणजे खबऱ्या, मोल म्हणजे खबऱ्या, व्हिसलब्लोअर म्हणजे सुद्धा खबऱ्या.

तिथं मी तिला थांबवलं. आणि त्या दिवशी वर्गात जे दीड तास बोललो तेच इथं लिहालोय, कारण सिरीयल बघणारे, सबटायटल करणारे, इंग्रजी बातम्या मराठीत आणणारे, नोकरीसाठी बाहेर जाणारे, सगळ्यांची या शब्दांत गल्लत होते आणि यात गल्लत झाली की चांगल्या माणसाला वाईट ठरवलं जातं.

आधी आपल्या भाषेकडं बघा. आपण तरी सगळ्यांना एकच शब्द वापरतो काय? शाळेत बाईंना जाऊन नाव सांगणारा पोरगा चाडीखोर. पुस्तकात चहाडी लिहितात खरं बेळगावात तोंडात चाडीच येतं, आणि शेजारच्या बाकावरचं कन्नड पोरगंसुद्धा "चाडी हेळब्याड" असंच म्हणतं, म्हणजे हा शब्द दोन्ही भाषांत आरामात नांदतो. तो चाडीखोर मोठा होऊन पोलिसांना पैशासाठी टीप द्यायला लागला की खबऱ्या. आपली बाजू सोडून शत्रूला मिळाला की फितूर. घरातलं बाहेर नेलं की घरभेदी. राजानं मुद्दाम पाठवला असेल तर हेर, आणि बहिर्जी नाईकांना हेर म्हणताना आपली छाती फुगते, कुणी त्यांना खबऱ्या म्हटलं तर राग येईल. काम सगळ्यांचं वरवर एकच, इकडची गोष्ट तिकडं सांगणं. शब्द बदलतो तो बोलणारा कुठं उभा आहे त्यावर. इंग्रजीतही नेमकं हेच आहे, फक्त तिथले शब्द आपल्या अंगवळणी पडलेले नाहीत म्हणून सगळे सारखे दिसतात.

म्हणून असा शब्द आला की डिक्शनरी उघडायच्या आधी तीन गोष्टी बघायच्या. बोलणारा कोण आहे, पोलीस, गुन्हेगार, शाळकरी पोरगं का पेपरवाला. सांगणारा माणूस कुठला, टोळीच्या आतला, बाहेरचा का मुद्दाम आत घुसवलेला. आणि त्यानं कुणाला व कशासाठी सांगितलं, पैशासाठी, शिक्षा कमी व्हावी म्हणून, का लोकांचं भलं व्हावं म्हणून. या तीन गोष्टी कळल्या की निम्म्याहून जास्त वेळा मराठी शब्द आपोआप सुचतो.

पोलीस आणि कोर्ट स्वतः बोलतात तेव्हा शब्द थंड असतात. इन्फॉर्मंट, सोर्स, अमेरिकेत सीआय म्हणजे कॉन्फिडेन्शियल इन्फॉर्मंट. ब्रिटनमध्ये तर २००० सालच्या कायद्यात याला एवढं लांबलचक नाव दिलंय की पोलीस त्याची आद्याक्षरं घेऊन 'चिस' म्हणतात, पूर्ण रूप कव्हर्ट ह्यूमन इंटेलिजन्स सोर्स. यात शिवी नाही, कौतुकही नाही. मराठीत याला जुळणारा शब्द आपल्या फिर्यादीतच पडलेला आहे, "गुप्त बातमीदाराकडून खात्रीलायक बातमी मिळाली". आपल्याकडच्या कन्नड कागदांतसुद्धा "खचित बातमी" असतं की. तेव्हा सीनमध्ये अधिकारी शांतपणे "माय सोर्स" म्हणत असेल तर तिथं गद्दार-बिद्दार घालू नका, "माझा बातमीदार" किंवा "माझा माणूस" एवढं पुरे.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग, नाकाचा. स्निच हा शब्द आधी नाकावर टिचकी मारण्यासाठी होता, मग नाकालाच स्निच म्हणायला लागले आणि अठराव्या शतकाच्या शेवटापर्यंत तो चुगली करणाऱ्यासाठी चोरांच्या बोलीत पक्का झाला. स्नाउट म्हणजे जनावराचं पुढं आलेलं नाक, ब्रिटिश गुन्हेगारी बोलीत तोही खबऱ्या. नुसता नोज हा शब्दसुद्धा तिकडं खबऱ्यासाठी वापरला गेलाय. आणि नार्क, के नं संपणारा, ब्रिटिश नार्क, तो तर रोमानी भाषेतल्या 'नाक' या शब्दावरून आला असं बहुतेक कोशकार मानतात. रोमानी म्हणजे युरोपभर फिरणाऱ्या रोमा लोकांची भाषा, त्यांचे पूर्वज आपल्याच उपखंडातून शेकडो वर्षांपूर्वी तिकडं गेले, म्हणून त्यांचं नाक आणि आपलं नाक एकच. लंडनच्या गल्लीतल्या शिवीत आपला रोजचा शब्द बसलाय हे वर्गात सांगितलं की पोरं तो शब्द जन्मात विसरत नाहीत. आपणही नाक खुपसतोस कशाला म्हणतो, वास काढत फिरतोय म्हणतो, तेव्हा ही कल्पना आपल्याला नवी नाही.

खरं इथं एक खड्डा आहे. अमेरिकन नार्क वेगळा. त्याचं स्पेलिंग सी नं संपतं, तो नार्कोटिक्स वरून आलाय, आणि तो मुळात खबऱ्याच नाही, तो वेश बदलून ड्रगवाल्यांत मिसळलेला सरकारी माणूस. पुढं अमेरिकन पोरं कुणीही चुगली केली की "ही नार्क्ड ऑन मी" म्हणायला लागली त्यामुळं दोन्ही एकमेकांत मिसळलेत. ऐकायला सारखेच, म्हणून सीन कुठला आहे ते बघायचं. लंडनचा जुना चोर बोलत असेल तर पोलिसांचा चमचा, अमेरिकन कॉलेजात पार्टीला आलेल्या अनोळखी माणसाकडं बघून "इज ही अ नार्क" म्हणत असतील तर "हा साध्या वेशातला पोलीस तर नाही?" असं करायचं. आणि ब्रिटनमध्ये कुणी "आय वॉज नार्क्ड" म्हणालं तर त्याचा यातल्या कशाशीच संबंध नाही, तो फक्त वैतागलाय.

स्निचबद्दल अजून एक. हा शब्द शाळेतही चालतो आणि जेलमध्येही, आणि वजनात जमीन-अस्मानाचा फरक. लहान बहिणीनं आईला सांगितलं की दादानं बिस्किटं चोरली, तर दादा तिला स्निच म्हणेल, तिथं चाडीखोर. जेलमध्ये कुणी "स्निचेस गेट स्टिचेस" म्हटलं तर ती सरळ धमकी, तोंड उघडलंस तर अंगावर टाके पडतील. या ओळीला यमक आहे म्हणून सबटायटलमध्ये गंमतशीर काहीतरी जुळवायचा मोह होतो, मी म्हणतो करू नका, धमकी धमकीसारखीच ठेवा, "जो बोलला तो शिवून घेतला" असं काहीतरी. आणि स्निचचा एक तिसराच अर्थ आहे, हळूच उचलणं, "शी स्निच्ड अ बिस्किट", म्हणजे बिस्किट लंपास केलं. तिथं चुगलीचं नावही नाही.

अमेरिकन जेलच्या बोलीत "स्निच जॅकेट" म्हणूनही एक प्रकार आहे, तो मुद्दाम सांगतो. जो माणूस खबऱ्या नाहीच त्याच्या अंगावर खबऱ्याचा शिक्का चढवणं, अफवा पसरवणं, की त्याचेच लोक त्याला संपवतील. अमेरिकेत एफबीआयनं १९५६ ते १९७१ या काळात कोइंटेलप्रो नावाच्या गुप्त मोहिमेत चळवळीतल्या लोकांविरुद्ध हे केलं, नंतर ते सगळं उघड झालं. म्हणजे हा शब्द नुसता चिकटवूनसुद्धा माणूस मारता येतो. हे लक्षात असेल तर आपण भाषांतर करताना हात जरा सांभाळून टाकतो.

आता रॅट. स्निच बाहेरचाही असू शकतो, रॅट आतलाच लागतो. आपल्यात बसून, आपल्या ताटात जेवून, मग आपल्याला विकणारा. बुडत्या जहाजातून उंदीर आधी पळतात या समजुतीवरून इंग्लंडच्या राजकारणात पक्ष सोडून पळणाऱ्याला रॅट म्हणायची पद्धत पडली, कामगार चळवळीत संप मोडणाऱ्यालाही म्हटलं, आणि नंतर टोळीच्या भाषेत तो पक्का गद्दार झाला. म्हणून रॅटला खबऱ्या केलं की त्यातला विश्वासघात निघून जातो आणि शब्द बेचव होतो. आपल्याकडं यासाठी फितूर आहे, आणि फितूर म्हणजे काय ते आपल्या भागात शिकवायला लागत नाही. नंदगडला जाऊन कुणालाही विचारा. कित्तूर संस्थानाचे लढवय्ये संगोळ्ळी रायण्णा इंग्रजांच्या हाती लढाईत लागत नव्हते, १८३० मध्ये त्यांना दग्यानं पकडून देण्यात आलं आणि २६ जानेवारी १८३१ ला नंदगडजवळ वडाच्या झाडाला फाशी दिलं, आजही लोक तिथं जाऊन डोकं टेकतात. ज्यांनी पकडून दिलं त्यांच्याबद्दल तिथला म्हातारा माणूस ज्या आवाजात बोलतो, तो आवाज म्हणजे रॅट. पुण्यातल्या द्रविड बंधूंचंही तसंच, रँड खून प्रकरणात चापेकरांची माहिती त्यांनी इंग्रजांना दिली आणि फेब्रुवारी १८९९ मध्ये त्यांनाच गोळ्या घातल्या गेल्या. इंग्रजांच्या कागदात ते इन्फॉर्मर, आपल्या तोंडी फितूर. माणसं तीच, घटना तीच.

क्रियापद असेल तर "ही रॅटेड अस आउट" म्हणजे त्यानं आपल्याला विकलं, किंवा आपल्याला पकडवून दिलं. "आय स्मेल अ रॅट" मात्र पूर्ण वेगळं, त्यात माणूस असेलच असं नाही, मला यात काहीतरी काळंबेरं वाटतंय एवढंच.

ग्रासकडं परत येऊ कारण तिथनंच सुरुवात झाली. हा फक्त ब्रिटिश शब्द, अमेरिकन पात्राच्या तोंडी तो जवळजवळ येतच नाही. कसा आला, तर लंडनच्या गल्लीत यमकावर शब्द बदलून बोलायची सवय आहे, पोलिसाला कॉपर म्हणतात, कॉपरला यमक ग्रासहॉपर, म्हणजे टोळ, आणि ग्रासहॉपरचं पुढं नुसतं ग्रास राहिलं असं सांगतात. दुसरं म्हणणं असं की ते यमक शॉपर या शब्दाचं, कारण "ही शॉप्ड मी" याचाही अर्थ त्यानं मला पकडवून दिलं असाच होतो, दुकानाचा त्यात काही संबंध नाही. १९३० च्या दशकापासून ग्रास लिहिलेला सापडतो. ग्रासमध्ये रॅटएवढा खोल विश्वासघात असेलच असं नाही, शेजाऱ्यानं शेजाऱ्याची तक्रार केली तरी ग्रास होतो. म्हणून मराठी करताना प्रसंग बघायचा, कधी "नाव सांगितलं", कधी "पोलिसांत दिलं", कधी नुसतं "चुगली केली".

सुपरग्रास मात्र मोठी भानगड. १९७३ मध्ये लंडनचा बँक लुटणारा डेरेक ऊर्फ बर्टी स्मॉल्स यानं स्वतःवर खटला होणार नाही या बोलीवर आपल्या साथीदारांची नावं आणि दरोडे सगळं सांगितलं, त्यावर कितीतरी जण आत गेले, आणि अशा माणसाला पेपरवाले सुपरग्रास म्हणायला लागले. पुढं उत्तर आयर्लंडमध्ये १९८० च्या दशकात असेच खटले चालले, ख्रिस्टोफर ब्लॅक नावाच्या एका माणसाच्या साक्षीवर १९८३ मध्ये बऱ्याच लोकांना शिक्षा लागल्या आणि १९८६ मध्ये अपिलात त्यातल्या बहुतेक रद्द झाल्या. याला मराठी शब्द तयार आहे, माफीचा साक्षीदार. आपल्या कायद्यात हे आधी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३०६ मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४३ मध्ये आलंय. गांधी हत्येच्या खटल्यात दिगंबर बडगे माफीचा साक्षीदार झाला होता, २६/११ च्या प्रकरणात डेव्हिड हेडलीला डिसेंबर २०१५ मध्ये मुंबईच्या कोर्टानं माफीचा साक्षीदार करून घेतलं. तेव्हा "महाखबऱ्या" असलं काही बनवायची गरज नाही, जो शब्द वकील रोज वापरतात तोच घ्या.

आणि इथं एक चूक दुसऱ्यांच्या छापलेल्या मजकुरात मी स्वतः बघितलीय. अमेरिकन सिरीयलमध्ये म्हणतात "ही फ्लिप्ड", म्हणजे आरोपी आता सरकारच्या बाजूनं बोलायला तयार झाला. भाषांतर केलेलं, "साक्षीदार फुटला". अर्थ बरोबर उलटा झाला! मराठीत साक्षीदार फुटला म्हणजे तो सरकारच्या बाजूनं होता आणि कोर्टात येऊन पलटला, इंग्रजीत ज्याला होस्टाइल म्हणतात तो. वाचणाऱ्याला वाटणार केस पडली, आणि तिकडं तर केस उभी राहिलेली. "आरोपी सगळं सांगायला तयार झाला" असं सरळ लिहिलं तरी चालतं.

स्टूल पिजन हे अमेरिकन, एकोणिसाव्या शतकातलं. शिकारी लोक एका पाळीव कबुतराला लाकडी बैठकीला बांधून ठेवायचे, त्याला बघून रानातली कबुतरं खाली यायची आणि जाळ्यात सापडायची. आपल्याकडं तितर पकडणारे पिंजऱ्यातला पाळीव तितर तसाच रानात नेऊन ठेवतात. म्हणजे मुळात हा सांगणारा नाही, भुलवणारा. नंतर तो कोठडीत मुद्दाम सोबत ठेवलेल्या कैद्यासाठी वापरला जायला लागला, गोड बोलून दुसऱ्याकडनं काढून घेणारा, आणि शेवटी नुसता खबऱ्या असा पातळ झाला. स्टूली म्हणजे तोच. डिकॉय, म्हणजे भुलवायला पुढं केलेला माणूस, असेल तर आपले पेपर "बनावट ग्राहक पाठवून सापळा रचला" असं लिहितात ते अगदी बरोबर आहे, तिथं खबऱ्या आणू नका.

मोलचा गोंधळ निराळाच. मोल म्हणजे जमिनीखाली बिळं करून राहणारा प्राणी, आणि अंगावरच्या तिळालाही मोलच म्हणतात, एका सबटायटलमध्ये मी खरोखर "आपल्यात एक तीळ आहे" असं वाचलंय. हेरगिरीतला मोल म्हणजे शत्रूनं आपल्या खात्यात आधीच पेरून ठेवलेला किंवा आतच फोडलेला माणूस, जो वर्षानुवर्षं साधा अधिकारी म्हणून काम करतो. ब्रिटिश गुप्तचर खात्यातला किम फिल्बी कितीतरी वर्षं आतलं रशियाला पोचवत होता आणि १९६३ मध्ये मॉस्कोला पळाला, अमेरिकेत सीआयएचा आल्ड्रिच एम्स १९९४ मध्ये पकडला, एफबीआयचा रॉबर्ट हॅन्सन २००१ मध्ये. हे रॅट आहेत का? त्यांच्या सहकाऱ्यांच्या दृष्टीनं हो. तरी मोल म्हणताना भर येतो तो लपून राहण्यावर, दीर्घकाळावर. आतला हेर, पेरलेला माणूस, असं मी करतो. अस्तनीतला निखारा हाही छान बसतो, जेव्हा बोलणारा चिडून बोलत असतो तेव्हा.

टाउट हा शब्द आपल्या लोकांना सगळ्यात जास्त फसवतो कारण तो आपल्याला माहीत आहे असं वाटतं. आरटीओच्या बाहेर, कोर्टाच्या आवारात, रेल्वे रिझर्व्हेशनच्या खिडकीपाशी "टाउटपासून सावध" असली पाटी आपण बघितलीय, तिथं टाउट म्हणजे दलाल, एजंट. उत्तर आयर्लंडात टाउट म्हणजे पोलिसांना किंवा ब्रिटिशांना माहिती देणारा, आणि तिथं ही शिवी जीवावर बेतते. ब्रिटिशांची सत्ता नको म्हणणाऱ्या शिन फेन पक्षाच्या डेनिस डोनाल्डसन यांनी २००५ मध्ये आपण बरीच वर्षं ब्रिटिशांसाठी काम केल्याचं कबूल केलं, एप्रिल २००६ मध्ये डोनेगलमधल्या घरात त्यांना गोळ्या घातल्या. आमच्या क्लासची एक मुलगी आता बेलफास्टला हॉस्पिटलात आहे, तिला जायच्या आधी मी एवढंच सांगितलं की टाउट हा शब्द तिथं चेष्टेतसुद्धा तोंडात आणायचा नाही, तिकीट एजंटाबद्दल बोलायचं असलं तरी एजंटच म्हणायचं.

क्रियापदांचं पटकन सांगतो. सिंग, म्हणजे चौकशीत सगळं ओकून टाकणं, आणि "ही सँग लाइक अ कॅनरी" याला आपला "पोपटासारखा बोलायला लागला" इतका नेमका बसतो की दुसरं काही शोधायचंच नाही. फक्त "त्याचा पोपट झाला" असं लिहू नका, ते फजितीचं. खाणीतला कॅनरीही वेगळा, विषारी वायू आला की आधी तो पक्षी कोसळायचा म्हणून ब्रिटनच्या कोळसा खाणींत १९८६ पर्यंत ठेवायचे, तो धोक्याची पहिली सूचना या अर्थानं येतो. स्क्वील म्हणजे डुकरासारखं किंचाळणं, यात घाबरटपणाचा तिरस्कार आहे. ड्रॉप अ डाइम म्हणजे दहा सेंटचं नाणं टाकून सार्वजनिक फोनवरनं पोलिसांना गुपचूप कळवणं, आपल्याकडं लाल डब्यात रुपया टाकून फोन करायचो त्या पिढीला हे लगेच कळतं, मराठीत "निनावी फोन केला". बास्केटबॉलच्या कॉमेंट्रीत डाइम आला तर तो सुंदर पास, घाबरून जाऊ नका. ऑस्ट्रेलियात डॉब इन म्हणतात, तिथं "डॉब इन अ डीलर" या नावानं पोलिसांच्या साथीनं ड्रगविरोधी मोहीमच चालवली गेली, म्हणजे शब्द पोरकट, वापर सरकारी. डॉबर म्हटलं की मात्र परत चाडीखोर. फिंक अमेरिकन, जुनाट, संप फोडणारा किंवा मालकाला कामगारांची बातमी देणारा, आता फारसा ऐकू येत नाही. स्कॉटलंडची पोरं क्लाइप म्हणतात, इंग्लंडची टेलटेल, अमेरिकेची टॅटलटेल, तिन्हींना चाडीखोर एवढं पुरतं.

आता जो शब्द मला सगळ्यात जास्त सांगायचा होता तो. व्हिसलब्लोअर.

हा वरच्या एकाही माणसासारखा नाही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत ग्राहकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या राल्फ नेडर यांनी हा शब्द मुद्दाम चांगल्या अर्थानं चालवला, कारण कंपनीतली लबाडी बाहेर सांगणाऱ्याला लोक रॅट, स्निच म्हणत होते आणि त्या शब्दांत माणूस आधीच दोषी ठरत होता. शिट्टी मारून खेळ थांबवणारा पंच, किंवा चोर दिसला की शिट्टी वाजवणारा शिपाई, असं चित्र. मराठीत याला जागल्या म्हणतात आणि मला हा शब्द मूळ इंग्रजीपेक्षा चांगला वाटतो. रात्री गाव झोपल्यावर जागा राहून हाळी देणारा तो जागल्या. बिहारात रस्त्याच्या कामातला भ्रष्टाचार कळवणारे इंजिनिअर सत्येंद्र दुबे, नोव्हेंबर २००३ मध्ये गयेत मारले गेले. आपल्याच कर्नाटकातले, कोलारकडचे, इंडियन ऑइलचे अधिकारी मंजुनाथ षण्मुगम, भेसळीच्या पेट्रोलपंपावर कारवाई केली म्हणून नोव्हेंबर २००५ मध्ये उत्तर प्रदेशात लखीमपूर खिरीला मारले. तळेगावचे सतीश शेट्टी, जमिनीचे घोटाळे माहिती अधिकारातून बाहेर काढणारे, जानेवारी २०१० मध्ये. यांच्यापैकी कुणाला खबऱ्या लिहायला हात धजेल काय?

माझ्या घरातलं सांगतो. माझे मामा एका साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते. उसाची गाडी काट्यावर चढली की आकडा यायचा, आणि स्लिपवर त्याच्यापेक्षा कमी लिहिलं जायचं. काटामारी म्हणतात त्याला, ऊसवाल्या कुठल्याही गावात हा शब्द सांगावा लागत नाही. मामा दोन सीझन गप्प बसले. मग एकदा गावातल्याच एका म्हाताऱ्याची बैलगाडी आली, त्यानं घरी अंदाज काढलेला, स्लिप बघून तो काही बोलला नाही, फक्त स्लिपची घडी घालून टोपीत ठेवली आणि बैल हाकलले. मामांनी त्या रात्री वजनमाप खात्याला पत्र लिहिलं, खाली स्वतःचं नाव घालून. महिन्याभरात कामावरनं काढलं. ते सोसलं असतं त्यांनी, खरं पारावर बसलेले काही जण, ज्यांचा ऊस त्याच काट्यावर जायचा तेच, म्हणाले, "खाल्ल्या मिठाला जागला नाही, फितूर निघाला." मी तेव्हा नववीत होतो, दूध घालायला गेलेलो, मी ऐकलं. मामांनी शेवटपर्यंत तो शब्द कधी काढला नाही आणि पारावरनं जायचंही सोडलं, मागच्या वाटेनं शेताला जायचे. जागल्या हा शब्द त्या वेळी आमच्या गावात कुणाच्या तोंडात असता तर कुणीतरी एकानं तरी म्हटला असता असं मला आजही वाटतं.

म्हणून भाषांतर करणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती, बातमीत व्हिसलब्लोअर आला की जागल्या लिहा, नाहीतर "गैरप्रकार उघड करणारा कर्मचारी" असं लांब लिहा, खबऱ्या लिहू नका. आणि एखादं पात्र जागल्यालाच रागानं रॅट म्हणत असेल, सिरीयलमध्ये असं पुष्कळ वेळा येतं, तर तिथं गद्दारच लिहायचं, सौम्य करायचं नाही, कारण तो राग त्या पात्राचा आहे आणि प्रेक्षकाला तो कळला पाहिजे.

नर्सिंगच्या मुलींसाठी याचा रोजचा उपयोग आहे. ब्रिटनमध्ये १९९८ च्या पब्लिक इंटरेस्ट डिस्क्लोजर कायद्यानं नोकरदाराला असं बोलायला संरक्षण दिलंय, आणि इंग्लंडच्या सरकारी हॉस्पिटलांत "फ्रीडम टू स्पीक अप गार्डियन" नावाचा माणूसच नेमलेला असतो, पेशंटच्या जीवाला धोका होईल असं काही दिसलं तर त्याच्याकडं जायचं. तिथल्या कागदावर याला स्पीकिंग अप, रेझिंग अ कन्सर्न म्हणतात. एखादा सहकारी हळूच "डोन्ट बी अ ग्रास" म्हणाला तर त्यानं तुमच्या त्याच कामाला दुसरं नाव दिलंय हे ओळखता आलं पाहिजे, आणि घाबरून गप्प बसायचं नाही. चुकीचं औषध लिहिलेलं दिसलं आणि कळवलं, तर ती चाडी होत नाही.

शेवटी वही कशी करायची ते. पानावर तीन रकाने पाडा, बोलणारा, सांगणारा, कुणाला व कशासाठी. अर्थाचा रकाना करूच नका, तो पाडला की परत सगळीकडं खबऱ्या भरला जातो. पूर्ण वाक्य लिहा, मग रकाने भरा, मग खाली अख्खं वाक्य मराठीत लिहा, एका शब्दासमोर एक शब्द असं नको. एका सिरीयलमधली दहा वाक्यं केली तरी कान तयार होतो. त्या पोरीनं महिनाभर हे केलं. गवताचं जुनं वाक्य तिनं परत नव्या पानावर घेतलं, बोलणारा, लंडनचा चोर. सांगणारा, त्याचा जोडीदार. कुणाला व कशासाठी, पोलिसांना, स्वतःची शिक्षा कमी व्हावी म्हणून. आणि खाली पेनानं, "माझ्याच जोडीदारानं माझं नाव पोलिसांत दिलं."